ओळीअखेरचा आकडा: ‘कॉम्प्यूट्स गॅझेट’ प्रकल्पाच्या नोंदी

७ जून २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. ‘कॉम्प्यूट्स गॅझेट’ या अमेरिकन मासिकाचे ऐंशीच्या दशकातले अंक स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यात छापलेले बेसिक या सोप्या भाषेतले प्रोग्रॅम पानावर दिसतात, पण ते चित्र आहे. चालवता येत नाही. त्या चित्रातला मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, उचलायचा, त्यातल्या चुका हुडकायच्या आणि प्रोग्रॅम कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती संगणकाच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून बघायचा. एम्युलेटर व्हाइस, स्क्रिप्ट पायथनमध्ये. लिस्टिंगवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या छापील ओळींवर, हक्क मासिकाच्या मालकांचा आहे, त्यामुळे ती कुठेही टाकणार नाही. बाकीच्यांना देण्यासारखी आहे ती स्क्रिप्ट, आणि या नोंदी.

मासिकाची कुळकथा अशी. लेन लिंडसे यांचं कमोडोरच्या ‘पेट’ संगणकासाठी ‘पेट गॅझेट’ नावाचं एक छोटं पत्र निघत असे. त्यातून १९७९ मध्ये रॉबर्ट लॉक यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरातून ‘कॉम्प्यूट!’ उभं केलं. भर ६५०२ या प्रोसेसरच्या यंत्रांवर होता: पेट, ॲपल, अटारी. जुलै १९८३ मध्ये त्याचं धाकटं भावंड निघालं, फक्त व्हिक-२० आणि कमोडोर ६४ वाल्यांसाठी. तेच हे ‘गॅझेट’.

वेळ अचूक साधली होती. कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ मध्ये, ५९५ डॉलरला. पुढच्या वर्षी किमतींची अशी लढाई पेटली की तोच संगणक २०० डॉलरच्या आसपास मिळू लागला आणि १९८३ संपण्याआधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकांतून अंग काढून घेतलं. म्हणजे लाखो घरांत अचानक संगणक आला होता आणि त्यावर चालवायला जवळजवळ काही नव्हतं. या माणसांच्या हातात महिन्याकाठी एक मासिक पडायचं आणि त्यात दहा-पंधरा प्रोग्रॅम असायचे. फुकट, फक्त टायप करायचे.

११ जून

आज नुसतं वाचन. ‘प्रोग्रॅम कसे टायप करायचे’ हे पान ते अंकामागून अंक छापत राहतात, कारण प्रत्येक महिन्यात कुणीतरी पहिल्यांदाच अंक हातात घेतलेला असतो. ही गोष्ट मला फार आवडली. जुन्या वाचकाला कंटाळा येईल म्हणून नव्याची पायरी काढून घेतलेली नाही.

अडचण खरी होती. कमोडोरच्या बेसिकमध्ये अवतरणचिन्ह उघडलं की कर्सरच्या कळा हलत नाहीत, त्यांची चिन्हं उमटतात. पडदा पुसण्याच्या कळीसाठी उलट्या रंगातला बदाम दिसतो, कर्सर खाली नेण्याच्या कळीसाठी उलट्या रंगातला क्यू. सुरुवातीच्या काळात अनेक मासिकं प्रिंटरवर निघेल तशीच लिस्टिंग छापत. त्या बदामांचा अर्थ लावता लावता माणूस थकून जाई. ‘कॉम्प्यूट!’च्या मंडळींनी ही चिन्हं काढून महिरपी कंसात शब्द लिहिले: ‘क्लिअर’, ‘डाउन’, ‘५ स्पेसेस’. अक्षराखाली रेघ असेल तर शिफ्ट दाबून ते अक्षर मारायचं. वेगळ्या कंसात असेल तर कमोडोरची कळ. इतकं साधं, पण हे करायला संपादकाला वाचकाच्या खुर्चीत जाऊन बसावं लागतं.

जाता जाता एक आठवण. भारतात १९८४ मध्ये ‘क्लास’ योजना सुरू झाली आणि शाळांत बीबीसी मायक्रो आले. आमच्या शाळेतही आले. आमच्याकडे मासिक नव्हतं; सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे आणि आम्ही तो वहीत उतरवून मग यंत्रावर मारायचो. खडूचा स्वल्पविराम आणि पूर्णविराम शेवटच्या बाकावरून सारखेच दिसत. त्यामुळे ‘गॅझेट’च्या या पानाची किंमत मला वाचताक्षणी कळली.

१५ जून

ऑक्टोबर १९८३ चा अंक. या प्रकल्पाचा कणा इथे आहे: ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’.

त्याआधीच्या तीन अंकांत वाचक टायप करायचा, ‘रन’ म्हणायचा आणि चूक आली की शोधत बसायचा. प्रूफरीडर हा एक छोटा मशीन लँग्वेजचा, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणाऱ्या भाषेतला, प्रोग्रॅम. तो एकदा चालू केला की ओळ मारून रिटर्न दाबताच पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो. मासिकात त्याच ओळीच्या शेवटी ‘रेम’ लिहून आकडा छापलेला असतो. दोन्ही जुळले तर पुढे जायचं. ‘रेम’ हा बेसिकमधला शेरा आहे, म्हणजे कुणी तो आकडाही टायप करून बसला तरी प्रोग्रॅमला इजा नाही. माझ्या मते ही जागा फार विचार करून निवडली आहे.

आकडा काढायची रीत कागदावर करून बघितली. प्रत्येक अक्षराला कमोडोरमध्ये एक कोड असतो. ते सगळे मिळवायचे आणि २५६ ने भागून बाकी घ्यायची. रिकाम्या जागा मोजायच्या नाहीत. ‘पोक’ या आज्ञेची चार इंग्रजी अक्षरं घेतली तर ८०, ७९, ७५ आणि ६९. बेरीज ३०३, बाकी ४७.

भाची आली होती, नववीत आहे. तिला दाखवलं तर तिने लगेच विचारलं, “आत्या, पण मग अक्षरं उलटसुलट झाली तर? बेरीज तर तीच येणार.”

बरोबर आहे तिचं. आणि मासिकानेही हे लपवलेलं नाही; प्रूफरीडरच्या सूचनांतच सांगून टाकलं आहे की अदलाबदल याला पकडता येत नाही. आम्ही दोघींनी मिळून एक उदाहरण केलं. मेमरीतल्या ५३२८१ या पत्त्यावर शून्य पोक केलं, म्हणजे लिहिलं, की कमोडोर ६४ चा पडदा काळा होतो. ५३२१८ टायप झालं तर बेरीज तीच, प्रूफरीडर गप्प. पण तो पत्ता साध्या मोकळ्या मेमरीतला आहे. तिथे शून्य लिहिलं जातं आणि काहीच होत नाही. ना चूक दाखवली जाते, ना पडदा बदलतो. अशी चूक शोधायला संध्याकाळ जाते.

प्रूफरीडरची राहायची जागाही बघण्यासारखी आहे. टेपसाठी राखून ठेवलेला १९२ बाइट्सचा एक कोपरा असतो, त्यात तो बसतो, म्हणजे बेसिक प्रोग्रॅमची जागा खात नाही. पण ज्याच्याकडे डिस्क ड्राइव्ह नाही, फक्त कॅसेट आहे, त्याने प्रोग्रॅम साठवला की तोच कोपरा टेपला लागतो आणि प्रूफरीडर पुसला जातो. टेपवाल्यांसाठी म्हणून वेगळी सूचना छापावी लागली.

२० जून

ओसीआरचा पहिला हात फिरवून झाला. इथे एक गोष्ट ध्यानात आली आणि दिवसभर तिचाच विचार होता.

प्रूफरीडर माणसाच्या बोटांसाठी केला होता. बोटं अदलाबदल करतात, आणि नेमकं तेच त्याला दिसत नसे. ओसीआर मात्र अदलाबदल जवळजवळ कधीच करत नाही. ते एका अक्षराला दुसरं समजतं: शून्याला ओ, एकला आय, आठला बी. आणि बदललेलं अक्षर पकडण्यात ही साधी बेरीज पटाईत आहे. शिवाय ओसीआर रिकाम्या जागांचा कायम घोळ घालतं, आणि प्रूफरीडर रिकाम्या जागा मोजतच नाही. वाचकाच्या सोयीसाठी १९८३ मध्ये केलेली ती सूट आज माझ्या स्क्रिप्टच्या पथ्यावर पडली.

याहून पुढची गोष्ट म्हणजे फरकाचा आकडाच चूक कुठली ते सांगतो. शून्याचा कोड ४८, इंग्रजी ओचा ७९. ओळीची बेरीज छापील आकड्यापेक्षा ३१ ने जास्त आली, की कुठेतरी शून्याचा ओ झालाय. फरक १० असेल तर आठचा बी. २४ असेल तर एकचा आय. ३० असेल तर पाचचा एस. स्क्रिप्टला हे फरक शिकवले. आता ती ओळीत त्या अक्षराची संशयित जागा शोधते, बदलून बघते आणि आकडा जुळला तर खूण करून ठेवते. बेसिकमध्ये अंकांच्या मधोमध ओ येऊच शकत नाही, त्यामुळे संशयित जागाही फार नसतात.

अडतं ते फरक २ आल्यावर. स्वल्पविराम ४४ आणि पूर्णविराम ४६. सहा ५४ आणि आठ ५६. दोन्हीकडे दोनच. अशा ओळी स्क्रिप्ट वेगळ्या काढते आणि मी स्कॅन मोठा करून डोळ्यांनी बघते. डेटाच्या ओळी, जिथे नुसते आकडे आणि स्वल्पविराम असतात, तिथे हे फार होतं.

कधी कधी ओळ बरोबर असते आणि शेवटचा आकडाच ओसीआरने चुकीचा वाचलेला असतो. पानाच्या शिवणीकडे असलेला मजकूर स्कॅनमध्ये वाकतो, त्यातले आकडे भरवशाचे नाहीत.

२६ जून

आजची नोंद या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची.

पत्त्यांच्या खेळाचा एक प्रोग्रॅम. सगळ्या ओळींचे आकडे जुळले, एकही खूण नाही. एम्युलेटरवर चालवला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या जागी ए, एस, झेड आणि एक्स ही अक्षरं. खेळ नीट चालतोय, हुकूम ओळखतोय, फक्त पत्त्यांवर चिन्हं नाहीत.

कारण अक्षराखालची रेघ. कमोडोरवर शिफ्ट आणि ए म्हणजे इस्पिक, शिफ्ट आणि एस म्हणजे बदाम, झेड म्हणजे चौकट, एक्स म्हणजे किलवर. मासिकात ही चारही अक्षरं अधोरेखित छापली आहेत. ओसीआरला रेघ दिसत नाही, तो साधी अक्षरं देतो. मग बेरीज कशी जुळली? ए चा कोड ६५, शिफ्टसह १९३. फरक १२८. असाच फरक प्रत्येक अक्षराला. एक रेघ हरवली तर आकडा १२८ ने चुकतो आणि लगेच दिसतो. दोन हरवल्या तर २५६, म्हणजे बाकी शून्य. चार हरवल्या तर ५१२, पुन्हा शून्य. चारही चिन्हं एकाच ओळीत होती आणि ओळ बिनबोभाट पास झाली.

म्हणजे अधोरेखित अक्षरांची संख्या सम असेल तर हा आकडा आंधळा आहे. प्रूफरीडर लिहिणारे चार्ल्स ब्रॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याची चिंता करायचं कारण नव्हतं. रेघ वाचकाला दिसत होती, आणि एका ओळीतल्या सगळ्याच रेघा विसरणारा वाचक विरळा. मला मात्र आता वेगळी वाट काढावी लागणार. स्कॅनच्या चित्रातच अक्षराच्या तळाशी आडवी काळी पट्टी आहे का, ते तपासणारा एक भाग लिहिला. स्वच्छ पानांवर तो चांगला चालतो. फिकट पानांवर अजून विश्वास ठेवत नाही.

३ जुलै

जानेवारी १९८४ चा अंक: ‘स्पीडस्क्रिप्ट’. लेखक चार्ल्स ब्रॅनन. पूर्ण वर्ड प्रोसेसर, मशीन लँग्वेजमध्ये, सुमारे पाच किलोबाइट. दुकानात वर्ड प्रोसेसरला वेगळे पैसे मोजावे लागत. इथे तो मासिकाच्या पानांवर छापला होता.

मशीन लँग्वेज म्हणजे नुसते आकडे. ते भरण्यासाठी ‘एमएलएक्स’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम होता, ‘कॉम्प्यूट!’च्या डिसेंबर १९८३ च्या अंकात पहिल्यांदा आलेला. एका ओळीत सहा आकडे, सातवा तपासणीचा. पत्ता आपोआप पुढे सरकतो, स्वल्पविराम आपोआप पडतो, भलती कळ दाबली तर ती घेतच नाही. पाच किलोबाइटला अशा साडेआठशेच्या आसपास ओळी होतात. प्रत्येक ओळीत तीन-तीन अंकी सात संख्या. अठरा हजारांच्या आसपास कळा.

आज भाचीला आणि मला त्यातला एक तुकडा हाताने भरायचा होता. मी वाचायचं, तिने मारायचं. पहिली ओळ २०४९ या पत्त्याची: ११, ८, १०, ०, १५८, ५०. तपासणीचा आकडा २३८. तिने विचारलं की सहाची बेरीज तर २३७ येते. मग वरचा एक कुठला? पत्त्याचा. २०४९ ला २५६ ने भागलं की बाकी १, ती बेरजेत धरतात. पत्ता धरल्यामुळे मधली एखादी ओळ सुटली तर पुढच्याच ओळीला कळतं. तिला हे इतकं पटलं की पुढचा अर्धा तास तिने मला वाचायला लावलं आणि कंटाळली नाही. एकदा ०५८ च्या जागी ०८५ मारलं, तर एमएलएक्सने ओळ परत मागितली. इथे अंक उलटले की संख्याच बदलते, म्हणून सापडलं. दोन पूर्ण संख्या एकमेकींच्या जागी गेल्या असत्या तर नसतं सापडलं.

अमेरिकेत घराघरांत हे असंच चालत असणार: एकजण वाचतोय, दुसरा मारतोय. मे १९८४ पासून तर एमएलएक्समध्ये कळफलकाच्या काही कळा अंकांच्या छोट्या चौकोनासारख्या करून दिल्या, म्हणजे एका हाताने भरता यावं आणि दुसऱ्या हाताचं बोट पानावर राहावं. कमोडोर ६४ ला वेगळा अंकफलक नाही. त्याची उणीव मासिकाने सॉफ्टवेअरने भरून काढली.

ज्यांना हे नको त्यांच्यासाठी १९८४ पासून अंकाबरोबरची डिस्कही विकत मिळू लागली. पण छापील लिस्टिंग थांबली नाही.

८ जुलै

‘बग-स्वॅटर’ सदर वाचून काढलं. आधीच्या अंकांतल्या चुका आणि दुरुस्त्या. ‘कॉम्प्यूट!’मध्ये अशाच सदराचं नाव ‘कप्यूट!’ होतं. इथे लक्षात घ्यायला हवं की लिस्टिंग स्कॅनप्रमाणे हुबेहूब उतरवली तरी काम पुरं होत नाही. आकडा जुळतो, म्हणजे छापल्याप्रमाणे ओळ बरोबर आहे, इतकंच. छापलेलीच चूक असेल तर आकडा त्या चुकीसकट जुळतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर पुढच्या काही अंकांतली दुरुस्ती जोडून ठेवायची, मूळ ओळ न पुसता. स्क्रिप्टमध्ये दोन आवृत्त्या ठेवल्या: छापील आणि दुरुस्त.

स्कॅन साठवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एकच गाजलेला अंक ठेवून बाकीचे सोडून देऊ नका. जानेवारीच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती मार्चमध्ये असते.

दुपारी जिम बटरफील्ड यांचे लेख वाचत बसले, कामाचं नसताना. टोरोंटोचे, कमोडोरच्या जगातले सर्वांचे गुरुजी. ‘सुपरमॉन’ हा मशीन लँग्वेज बघण्याचा प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. लिहितात असं, की वाचक आपल्यापेक्षा कमी आहे हा भाव एका वाक्यात सापडत नाही. २००७ मध्ये ते गेले.

१४ जुलै

‘स्पीडस्क्रिप्ट’ पूर्ण झाला. हाताने भरलेला तुकडा आणि ओसीआरने उचललेला तोच तुकडा बाइटला बाइट जुळला. बाकीचा सगळा ओसीआर आणि एमएलएक्सच्या आकड्यांवर. व्हाइसमध्ये चालू झाला, मजकूर लिहिला, परिच्छेद हलवले, आभासी डिस्कवर साठवून परत उघडला. पाच किलोबाइटमध्ये हे सगळं बसवलंय, आणि ते वापरताना कुठेही अडखळायला होत नाही. ब्रॅनन यांनी कळांची निवड इतकी समंजस केली आहे की छापील सूचना एकदा वाचून पुरल्या.

आता १९८६ कडे. डिसेंबर १९८५ च्या ‘कॉम्प्यूट!’मध्ये नवा एमएलएक्स आला, ‘गॅझेट’मध्ये पुढच्या महिन्यात: ओळीला आठ आकडे, षोडशमान पद्धतीत, आणि तपासणी अधिक कडक. फेब्रुवारी १९८६ पासून नवा प्रूफरीडर. शेवटच्या आकड्याच्या जागी ओळीच्या आधी दोन अक्षरं, आणि अदलाबदलही सापडते, कारण आता अक्षराची जागाही हिशेबात धरली आहे. वाचकांच्या बोटांसाठी ही मोठी सुधारणा होती. माझा फरकांचा तक्ता मात्र तिथे चालणार नाही: शून्याचा ओ झाला तर फरक किती, हे आता तो ओळीत कितव्या जागी आहे त्यावर ठरेल. संशयित जागा एकेक करून बदलत प्रत्येक वेळी पूर्ण हिशेब करावा लागेल. आजच्या यंत्राला ते जड नाही. पत्त्यांच्या खेळासारखा प्रकार मात्र तिथे कितपत निसटतो, ते आधी तपासायचं आहे. त्यासाठी अधोरेखित अक्षरं भरपूर असलेली लिस्टिंग हवी. १९८६ च्या अंकांतून तशा ओळी निवडून ठेवायला भाचीला सांगितलंय. ती शनिवारी येते.